पेटीचा वैरी, पियानोतले गंधर्व

आमच्या किरनापुरातल्या भजन मंडळाजवळ जी पेटी आहे तिचे वय निश्चित सांगेल असे दप्तर कोणाच्याही संग्रही नाही. वृद्ध मंडळी ती नागपुराहून आली एवढेच सांगतात, आणि किंमत विचारली तर आठवेल तो आकडा ठोकून देतात. पावसाळा लागला की तिच्या वरच्या सप्तकातली एक काळी पट्टी फुगून बसते, दाबली की वर येत नाही, आणि मग वाजवणारा गडी भजनाच्या भर ओघात भात्यावरचा डावा हात काढून ती पट्टी नखाने उचलतो व पुन्हा भात्याला हात घालतो; एवढ्या अवधीत सुराचा जो श्वास तुटतो, तो खंजिरीवाला दोन थापा जास्त मारून झाकून टाकतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांची परंपरा वैनगंगेच्या खोऱ्यातल्या या धानाच्या मुलखात खोल रुजलेली असल्यामुळे, आणि धान घरात आल्यावर मंडईच्या रात्री होणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी नाही तर तिचा थोरला भाऊ ऑर्गन असतोच असतो, त्यामुळे, या वाद्याला परके मानावे अशी कल्पनासुद्धा आमच्याकडे कोणाच्या मनात येत नाही.

आणि तरीही हेच वाद्य हिंदुस्थानच्या सरकारी नभोवाणीने १ मार्च १९४० पासून हद्दपार केले होते. १९४८ साली नागपूरचे केंद्र सुरू झाले, त्याआधीच राज्यकर्ते बदलले होते, परंतु हुकूम कायम राहिला; १९७० साली या प्रश्नावर एक परिसंवाद झाला आणि पुढील वर्षी ही बंदी अंशतः उठली, तोवर जवळजवळ एकतीस वर्षे लोटली होती. ज्या पेटीवर गोविंदराव टेंब्यांनी १९११ सालच्या ‘मानापमाना’च्या चाली बसवल्या असतील, जिच्या साथीवाचून मराठी नाटकाचा पडदा वर जात नसे, ती रेडिओच्या खोलीबाहेर उभी. हा हुकूम सोडणारे अधिकारी लायोनेल फील्डन हे त्या काळच्या नभोवाणीचे मुख्य होते. पंडित नेहरूंनाही पेटी रुचत नसे, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी तर ती आपल्या आश्रमात येऊ दिली नव्हती. परंतु नभोवाणीच्या अधिकृत पाक्षिकात, ‘इंडियन लिसनर’मध्ये, १९३८ साली ‘हार्मोनियम’ या शीर्षकाचा लेख लिहून या वाद्यावर शास्त्रशुद्ध आरोपपत्र ठेवणारा गृहस्थ इंग्रज होता, दिल्ली केंद्राच्या युरोपीय संगीत विभागाचा प्रमुख होता, आणि — माझ्या कुतूहलाचे खरे कारण हे — पियानोसारख्या वाद्यासाठी, म्हणजे पेटीप्रमाणेच बारा स्वरांवर जखडलेल्या वाद्यासाठी, हिंदुस्थानी स्वरसप्तकांत रचना करणारा संगीतकार होता. त्याचे नाव जॉन फोल्ड्स.

जॉन हर्बर्ट फोल्ड्स याचा जन्म २ नोव्हेंबर १८८० रोजी मँचेस्टर शहरातल्या ह्यूम या वस्तीत झाला. बाप तिथल्या प्रसिद्ध हॅले वाद्यवृंदात बसून सुषिर वाद्य वाजवणारा. मुलगाही १९०० साली त्याच वृंदात चेलोवादक म्हणून रुजू झाला. शाळा-विद्यापीठांची सनद त्याच्याजवळ नव्हती. शिकला ते वाजवता वाजवता, नाटकगृहांच्या खड्ड्यात बसून, थोरांच्या स्वरलिपी उतरवून. पोटासाठी त्याने हलकेफुलके संगीत पुष्कळ लिहिले, आणि दैवाची थट्टा अशी की ‘केल्टिक लॅमेंट’ नावाची त्याची एक छोटी करुण धून घराघरांत पोहोचली व त्यामुळे उरलेले सर्व तिच्या सावलीत गेले. पहिल्या महायुद्धातील मृतांसाठी त्याने ‘वर्ल्ड रिक्विएम’ नावाची विराट रचना केली, ती ११ नोव्हेंबर १९२३ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सुमारे बाराशे गायक-वादकांनी सादर केली, १९२६ पर्यंत दरसाल होत राहिली, आणि मग जी बंद पडली ती थेट २००७ साली पुन्हा ऐकू आली. बर्नार्ड शॉच्या ‘सेंट जोन’ नाटकाला संगीत त्याचेच. पण हे सगळे वृंदाचे, गर्दीचे संगीत. माझा विषय एका माणसाने एका खोलीत बसून वाजवायच्या त्याच्या रचनांचा आहे, आणि तिथे पोहोचायला आधी मॉड मॅकार्थी या बाईची गाठ घेतली पाहिजे.

मॉड मॅकार्थी आयर्लंडची, बालवयातच व्हायोलिनवादक म्हणून नावारूपाला आलेली. थिऑसॉफीच्या ओढीने अॅनी बेझंट यांच्याबरोबर ती १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आली, दोन वर्षे राहिली, आणि इथल्या पुष्कळ पाहुण्यांप्रमाणे ताजमहाल पाहून परतण्याऐवजी तंबोरा मांडून गायला शिकली. विलायतेस परतल्यावर विद्वानांच्या सभांतून तिने हिंदुस्थानी संगीतावर व्याख्याने दिली, आणि ती नुसती बोलत नसे, गाऊन दाखवीत असे. १९१५ साली तिची व फोल्ड्सची भेट झाली. दोघांचीही लग्ने आधीच झालेली होती. त्या भेटीपायी ती मोडली, बोभाटा झाला, आणि या जोडप्याचा रीतसर विवाह व्हायला १९३२ साल उजाडले. बाईच्या गळ्यातून रागसंगीताची जी ओळख झाली ती फोल्ड्सच्या अंगी किती भिनली याचा पुरावा त्याच्या पियानोच्या कागदांवर आहे.

तो पुरावा समजून घ्यायला पियानोची गरज नाही. आमची पेटी पुरे. पांढरी एक ही पट्टी षड्ज धरा. षड्ज आणि पंचम हे दोन स्वर अचल, त्यांना हात लावायचा नाही. षड्ज आणि शुद्ध मध्यम यांच्या मध्ये मोजून चार पट्ट्या आहेत: काळी, पांढरी, काळी, पांढरी. या चारांतून दोन उचलायच्या, खालच्या पट्टीला रिषभ म्हणायचे व वरच्या पट्टीला गांधार. बोटे ठेवून पाहाल तर सहा जोड्या होतात, सातवी होत नाही. पंचम आणि तार षड्ज यांच्या मध्येही तशाच चार पट्ट्या, तिथे धैवत-निषादाच्या पुन्हा सहा जोड्या. मध्यम दोन प्रकारचा, शुद्ध व तीव्र. सहा गुणिले सहा छत्तीस, छत्तिसाची दुप्पट बहात्तर. दक्षिणेत व्यंकटमखीने सतराव्या शतकात ‘चतुर्दंडीप्रकाशिके’त मांडलेला बहात्तर मेळांचा हिशेब तो हाच. यांतल्या कित्येक मेळांत कोमल रिषभ आणि शुद्ध रिषभ शेजारी शेजारी येऊन दुसऱ्याला गांधार म्हणावे लागते, आणि उत्तरेकडच्या कानाला ते अवघडल्यासारखे वाटते. म्हणूनच विष्णु नारायण भातखंड्यांनी आपल्या पद्धतीसाठी दहाच थाट घेतले. तेही या बहात्तरांतलेच.

आता युरोपच्या बाजूने पाहू. तिथे दोनतीन शतके व्यवहारात दोनच स्वरमालिकांचे राज्य होते, एक प्रसन्न मानलेली व दुसरी उदास मानलेली. दोनच बांध्यांत आलटून पालटून धान लावीत राहावे आणि पिकाचा कस गेल्यावर खताला दोष द्यावा, तशी तिथल्या संगीतकारांची विसाव्या शतकाच्या आरंभी अवस्था झाली होती. कोणी बांधच मोडून टाकले व बाराही स्वरांना समान हक्क दिले, कोणी चर्चमधली जुनी सप्तके उकरून काढली. फोल्ड्सने बहात्तर बांध्यांचा सातबारा पाहिला आणि ठरवले की एकेका बांधीत उतरायचे, आणि उतरल्यावर शेजारच्या बांधीत पाय टाकायचा नाही. युरोपीय संगीतकाराला हा निग्रह किती जड असेल याची कल्पना आपल्याला सहज येत नाही, कारण त्याच्या शिक्षणात रचनेची हालचाल म्हणजेच एका षड्जावरून दुसऱ्या षड्जावर जाणे, वाटेत परके स्वर घेणे, पुन्हा घरी येणे. ते सर्व सोडून सातच स्वरांत संपूर्ण रचना उभी करायची, आठवा स्वर शेवटपर्यंत घ्यायचा नाही, हे व्रत यमनात शुद्ध मध्यम न लावण्याइतकेच आपल्याला स्वाभाविक वाटते. त्याच्या मंडळींना ते उपोषणासारखे वाटले असल्यास नवल नाही.

या व्रताचे फळ म्हणजे ‘एसेज इन द मोड्स’, म्हणजे ‘सप्तकांतले निबंध’, हा पियानोरचनांचा संच. त्यांतले सहा निबंध १९२८ साली पॅरिसमध्ये छापून प्रसिद्ध झाले. शीर्षकांची भाषांतरे मी माझ्या मगदुराप्रमाणे अशी करतो: परदेशी ढंगाचा, भाबडा, अंतर्मुख, लष्करी, कडव्याकडव्यांचा, आणि लोलकी. त्यांना राग म्हणण्याचा मोह फोल्ड्सने टाळला, आणि मला त्याच्या प्रामाणिकपणाची पहिली खूण इथेच दिसते. राग म्हणजे सात पट्ट्या नव्हेत. त्यात चलन असते, वादी-संवादी असतात, एखादा स्वर चढताना वर्ज्य करून उतरताना घ्यायचा असतो, एखाद्यावर नुसते रेलायचे असते; मेळ हा सांगाडा, राग हा जिवंत प्राणी. फोल्ड्सने आपल्याकडून सांगाडा घेतला आणि त्यावर मांस आपल्या देशाचे चढवले: दोन हातांचे स्वतंत्र धागे, एकावर एक रचलेले स्वरसमूह, पियानोच्या खालच्या तारांचा घंटानाद. ‘लष्करी’ ऐकताना कूच चाललेली दिसते, पण तिच्या पायांखालची जमीन विलायतेची नाही. ‘अंतर्मुख’ मध्ये काही स्वर इतक्या सावकाश येतात की वादक पुढचा स्वर विसरला की काय अशी शंका यावी. आणि ‘लोलकी’ हा शेवटचा निबंध अशा वेगाने धावतो की सातच स्वर वापरले आहेत हे पेटीवर पडताळून पाहिल्याशिवाय पटत नाही. मला स्वतःला ‘भाबडा’ सर्वांत आवडतो. मोठे वादक तो घाईने आटोपतात; तसा तो आटोपण्यासारखा नाही.

याच्याही आधीची, १९१५ साली सुचलेली आणि १९२६ साली पुरी झालेली रचना म्हणजे ‘गंधर्व-म्यूझिक’. अदृश्य योनींचे संगीत ध्यानस्थ कानाला ऐकू येते अशी फोल्ड्सची व मॉडबाईंची श्रद्धा होती, आणि ही रचना अशाच ऐकलेल्या सुरांची नोंद आहे असे त्याचे म्हणणे असे. त्या श्रद्धेविषयी प्रत्येकाने आपले मत ठेवावे. माझे लक्ष दुसऱ्याच योगायोगावर जाते. ज्या वर्षांत मँचेस्टरचा हा चेलोवादक लंडनच्या धुक्यात गंधर्वांचे सूर टिपीत होता, त्याच वर्षांत, १९१३ साली स्थापन झालेली गंधर्व नाटक मंडळी घेऊन बालगंधर्व मराठी मुलूख वेडा करीत हिंडत होते, आणि त्यांच्या गाण्यामागे सूर धरीत होते ते एक युरोपीय वाद्य, पायाने भाता हाकायचा ऑर्गन. आमचे गंधर्व विलायती वाद्यावर गात होते, विलायतेतला माणूस विलायती वाद्यावर गंधर्व शोधीत होता, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

‘गंधर्व-म्यूझिक’ची घडण मात्र श्रद्धेवाचूनही समजण्यासारखी आहे. डाव्या हातात थोड्याशा स्वरांचा एक फेरा सुरू होतो आणि तो फेरा अखेरपर्यंत फिरतच राहतो; उजवा हात त्याच्यावर बारीक नक्षी काढीत जातो; आवाज चढत नाही, कळस येत नाही, टाळ्यांची जागा कुठे येत नाही. पियानोचा एक उणेपणा असा की त्याचा स्वर हातोडी पडताक्षणी मरू लागतो, भात्याच्या वाद्यासारखा टिकत नाही. म्हणून स्वर जिवंत ठेवायचा तर पुन्हा पुन्हा छेडला पाहिजे. तंबोऱ्याचेही असेच नाही काय? त्याचा अखंड वाटणारा नाद वास्तविक चार तारांच्या अखंड छेडण्याचा परिणाम आहे. मॉडबाईंचा तंबोरा नवऱ्याच्या डाव्या हातात उतरला, असे मी म्हणतो. त्याच्या चरित्रकारांनी असे म्हटले आहे की नाही याची मला फिकीर नाही.

इथे एका दुसऱ्या इंग्रज संगीतकाराची आठवण होते, कारण नाव ऐकून कोणीही म्हणेल की हिंदुस्थानशी नाते असावे ते याचे. कैखुश्रू शापुरजी सोराबजी. जन्म १४ ऑगस्ट १८९२, लंडनजवळच्या चिंगफर्डचा. आई इंग्रज, वडील मुंबईचे पारशी स्थापत्य अभियंता. याची पियानोरचना ‘ओपस क्लाव्हिचेंबालिस्टिकम’ १९३० साली त्याने स्वतः ग्लासगोत वाजवली, ती चार तासांहून अधिक चालते. पुढे एका वादकाने तिचा थोडा भाग लंडनमध्ये १९३६ साली वाजवला, तेव्हापासून या गृहस्थाने आपले संगीत परवानगीवाचून कोणी जाहीर वाजवू नये असा दंडक घातला, आणि १९७६ पर्यंत तो सैल केला नाही. तो मुंबईला आला होता, १९३३ साली, वडिलांच्या पश्चात मिळकतीच्या तंट्यासाठी. हिंदुस्थानी म्हणवून घेणे त्याला खपत नसे. आपले पूर्वज इराणचे, असे तो बजावून सांगे, आणि त्याच्या हजारो पानांत गुलिस्तानची बाग आहे, इराणी कवी जामी आहे, रागसंगीताचा धडा मात्र नाही. १९८८ साली, शहाण्णव वर्षांचा होऊन, तो डॉर्सेट परगण्यात वारला. रक्ताने मुंबईचा असलेला माणूस आमच्या सप्तकांकडे वळला नाही, आणि मँचेस्टरच्या बाजावाल्याचा मुलगा त्यांच्यासाठी समुद्र ओलांडून आला.

तो आला १९३५ साली, बायकोमुलांसह. आधी काही काळ उत्तरेत लोकगीते गोळा करण्यात गेला, मग १९३७ साली दिल्ली नभोवाणीवर त्याची व्याख्यानमाला झाली, आणि त्याच साली तो तिथल्या युरोपीय संगीताचा प्रमुख नेमला गेला. मुंबई केंद्रावर त्याच सुमारास वॉल्टर कॉफमन हा परागंदा ज्यू संगीतज्ञ त्याच पदावर होता. आकाशवाणीची सकाळची जी धून ऐकून आमच्या तीन पिढ्या चहा प्याल्या ती त्याची. दिल्लीत फोल्ड्सने देशी वादकांचा वृंद उभा केला. ज्यांनी आयुष्यात कागद पाहून एक स्वर वाजवला नव्हता अशा सारंगिये-सतारियांना त्याने लिपी वाचायला शिकवले, त्यांच्यासाठी रचना केल्या, दोन्ही जातींची वाद्ये एकत्र आणणारी एक सिंफनीही लिहिली. ती आज कुठेच नाही.

आणि याच खुर्चीवर बसून त्याने पेटीवर लेख लिहिला. आरोप दोन. पेटीत स्वर घसरत नाही, म्हणून मींड नाही. आणि पेटीचे स्वर खरे नाहीत. पहिला आरोप कोणाही भजनकऱ्याला ठाऊक आहे. दुसरा मात्र आकड्यांनी पाहण्यासारखा आहे. षड्ज सेकंदाला २४० आंदोलनांचा धरला तर कानाला गोड लागणारा, तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप निघणारा शुद्ध गांधार ३०० आंदोलनांचा येतो, कारण त्यांचे प्रमाण चारास पाच. पियानो आणि पियानोच्या घराण्यातली पेटी यांत मात्र सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग पाडलेले असतात, त्या मापाने गांधार सुमारे ३०२.४ वर जाऊन बसतो. पंचमात फरक नगण्य, ३६० च्या जागी ३५९.६. फरक गांधारात, धैवतात, निषादात. तंबोऱ्याच्या तारेशेजारी पेटीचा गांधार धरून ठेवा, सुरात एक हलकीशी डुलकी ऐकू येईल, सेकंदाला मोजून दोन-अडीच हेलकावे. गवई तिला कणसूर म्हणतात.

ही तक्रार काही फोल्ड्सने विलायतेहून आणलेली नव्हे. आमच्या सांगली-साताऱ्यात ती त्याच्या आधीपासून दाखल होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर, महसुलाचे हिशेब तपासता तपासता सुरांच्या हिशेबाला लागले, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातल्या श्रुती तारेवर मोजल्या, आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. क्लेमंट्स नावाचे जिल्हा न्यायाधीश त्यांना मिळाले, आणि या दोन अंमलदारांच्या खटपटीतून बावीस श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मंडळींपुढे आली. भातखंडे आदी जाणकारांना ती पटली नाही. बावीस केल्या तरी पट्ट्या त्या पट्ट्याच. बारा ठिकाणी बांधलेला बैल बावीस ठिकाणी बांधला म्हणून मोकळा होत नाही.

मग जो फोल्ड्स पेटीला नावे ठेवतो त्याने पियानोवर आमची सप्तके कोणत्या तोंडाने वाजवली, असा सवाल कोणीही करील, आणि मीही प्रथम तो चिडूनच केला होता. पण त्याचे कागद पाहिल्यावर, म्हणजे त्याचे संगीत ऐकल्यावर, मला तो दुतोंडी वाटेनासा झाला. पियानोला जे जमत नाही ते त्याच्याकडून वदवून घेण्याचा हट्ट त्याने केला नाही. पियानो आणि वृंदासाठी १९२७ ते १९२९ या काळात लिहिलेली त्याची ‘डायनॅमिक ट्रिप्टिक’ नावाची तीन अंगांची रचना पाहावी: पहिल्या अंगात पियानो एकाच सप्तकाच्या सात स्वरांवर घोड्यासारखा उधळतो, पण दुसऱ्या अंगात जेव्हा दोन पट्ट्यांच्या मधल्या, पाव-पाव स्वरांच्या जागा हव्या होतात तेव्हा ते काम तो तारवाद्यांकडे सोपवतो, व्हायोलिने मागे घसरत जातात आणि पियानो त्यांच्यापुढे आपल्या पक्क्या स्वरांवर उभा राहतो. कोणाच्या गळ्यात काय आहे हे ओळखून साथ वाटून देणारा हा माणूस होता. आमच्या गायकाच्या गळ्याला चिकटून त्याचा प्रत्येक स्वर गिरवण्याचे काम पेटीकडे दिले जाते हे त्याला खटकले, आणि शास्त्र म्हणून पाहिले तर त्यात त्याची चूक मला काढता येत नाही.

चूक झाली ती दुसरीकडे. पेटी आमच्याकडे राग शिकवायला आलीच नव्हती. तंबोरा जुळवायला कान लागतो, सारंगीला उस्ताद लागतो आणि उस्तादाला बिदागी लागते. दिवसभर चिखलात रोवणी करून आलेल्या माणसाने संध्याकाळी दहा जणांचा आवाज एका सुरावर आणावा कसा, याचे उत्तर कलकत्त्याच्या घोष नावाच्या कारखानदाराच्या कारखान्यातून हातभात्याची पेटी निघाली तेव्हा कोठे मिळाले. अशा वाद्याचा न्याय दिल्लीच्या ध्वनिरोधक खोलीत बसून होत नसतो. पण फोल्ड्सने लेख लिहिला होता, हुकूम लिहिला नव्हता. हुकमाच्या वेळी तो हयातही नव्हता. १९३९ साली त्याला कलकत्ता केंद्रावर पाठवले गेले आणि तिथे पोहोचतो न पोहोचतो तोच, एप्रिल महिन्यात, पटकीने त्याला गाठले. वय अठ्ठावन्न. बंदी लागू व्हायला अजून सुमारे दहा महिने अवकाश होता.

त्याच्यामागे राहिल्या त्या हस्तलिखितांच्या पेट्या. मॉडबाई पुढे संन्यासिनी झाल्या, स्वामी ओमानंद पुरी या नावाने वावरल्या आणि १९६७ साली वारल्या. कागदांपैकी कित्येकांना इथल्या मुंग्यांनी आणि उंदरांनी आपल्या परीने न्याय दिला; उरलेले दफ्तर विलायतेत मुलीच्या घरी मोटार ठेवायच्या खोलीत जाऊन पडले, आणि माल्कम मॅकडोनल्ड नावाच्या एका संगीतलेखकाने ते १९७० नंतरच्या दशकात उघडून वाचले तेव्हा या माणसाचा जगाला नव्याने शोध लागू लागला. पीटर जेकब्स आणि कॅथरिन स्टॉट या वादकांनी त्याच्या पियानोरचना ध्वनिमुद्रित केल्या आहेत. विलायतेतही त्या नित्य वाजतात असे नाही. ‘केल्टिक लॅमेंट’ अजून त्यांच्यापुढे आहे.

गेल्या श्रावणात, भजन सुटल्यावर, मी ‘गंधर्व-म्यूझिक’ मोबाइलवर लावून आमच्या पेटीवाल्या गड्याला ऐकवले. पाऊस कौलांवर पडत होता, आणि त्या बारीक आवाजात अर्धे कौलांचेच होते. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग काही न बोलता पेटी पुढे ओढून त्याने डाव्या हाताच्या फेऱ्याचे स्वर पट्ट्यांवर चाचपून काढले. पण तो स्वर पेटीवर तुटेना. भाता चालू असेतो उभाच राही, आणि फेरा फिरण्याऐवजी एकात एक मिसळून जाई. म्हणून त्याने बोटे उचलून उचलून, पियानोसारखा स्वर मारून पाहिला. जमले. मोबाइलवरची नक्षी वर चालली होती, खाली त्याचा फेरा चालला होता, आणि दोहोंची पट्टी एकमेकींपासून किंचित ढळलेली असल्यामुळे मधून मधून ती डुलकी ऐकू येत होती. तीनचार मिनिटे हे चालले. मग तो म्हणाला, “काका, तंबोरा तर चांगला लावलान् यानं. गाणारा कधी येते?”

मी म्हटले, येत नाही.

त्याने भाता मिटला, खटका लावला आणि फुगलेली काळी पट्टी नखाने वर उचलून ठेवली.